दोन सदरे

नारिनच्या वर, घाट चढून गेलं की आमचं गाव.
सातशे माणसं, त्यांच्या दसपट मेंढ्या,
आणि मी. डॉक्टर नव्हे, फेल्डशर:
डॉक्टरच्या अलीकडची, सुईणीच्या पलीकडची.
शेगडी पेटवून दार उघडते तेव्हा
बाकावर चौघं आधीच बसलेली असतात,
आणि चौघांच्याही तोंडी तेच:
काही विशेष नाही, बुब्युसारा एजे.

कानिमेतची खालची पापणी ओढून बघते.
आत फिकं, मळलेल्या मैद्यासारखं.
दमतेस का?
"सगळ्याच दमतात."
लोहाच्या गोळ्या देते, आणि बजावते,
चहा जेवणाबरोबर नको, तासाभराने घे.
ती हसते. आमच्याकडे चहा थांबवायचा
म्हणजे पाहुण्याला उंबऱ्यातच उभं ठेवायचं.

शार्शेन आजोबांच्या दंडाला पट्टा गुंडाळते.
पाऱ्याचं यंत्र, सोव्हिएत काळातलं,
देश बुडाला तरी खोटं बोलायला शिकलं नाही.
एकशे सत्तर.
पाच मिनिटं गप्प बसा म्हणते. ते पाच मिनिटं
घोड्याबद्दल बोलतात. पुन्हा एकशे सत्तर.
"पण डोकं तर दुखत नाही माझं."
तेच तर, आजोबा.
हा चोर बूट काढून घरात शिरतो.

मग पोराचा कान, सुनेची जळजळ,
जी सासू बाहेर गेल्यावरच सांगायची असते.
कानाला म्हणते, दोन दिवस थांबू.
औषध न देण्याचंही हाताला वळण लागावं लागतं,
मला लागायला अकरा वर्षं गेली.

पण तोक्तोसुनचं सांगायचं राहिलं.
मेंढपाळ, चाळिशीचा.
जानेवारीत म्हणाला, पाठ. मलम दिलं.
फेब्रुवारीत, कंबर. मलम दिलं, पट्टा बांध म्हटलं.
मार्चमध्ये गुडघा.
वहीत लिहिलं: अंगमेहनत.
तीन नोंदी, माझ्याच अक्षरात.
अजून तिथेच आहेत, खोडल्या नाहीत.

एप्रिलमध्ये त्याची बायको आली, स्वतःच्या दाढेसाठी.
कापसाचा बोळा तोंडात असतानाच म्हणाली,
"रात्री दोन सदरे बदलतो हा, एजे.
दोरीवर घातले की फळीसारखे ताठ होतात.
धुवून धुवून बोटं फुटली माझी."

बाहेर उणे आठ.
एवढ्या थंडीत कुणाला घाम फुटतो?

माझा हात थांबला.
यंदा मेंढ्या गाभडल्या का गं?
"नऊ."
आणि तो ओढून काढताना हातमोजे?
बोळ्यासकट हसली ती.

रक्त नारिनला गेलं, गाडीच्या ड्रायव्हरच्या खिशातून.
चौथ्या दिवशी त्याच खिशातून कागद आला,
तंबाखूचा वास असलेला.
ब्रुसेला.
तीन महिने तो माझ्यासमोर बसून गेला होता
आणि मी त्याच्या पाठीला मलम लावत होते.

सहा आठवडे गोळ्या, दोन तऱ्हेच्या.
दूध उकळल्याशिवाय कुणीच प्यायचं नाही.
दुसऱ्या आठवड्यात त्याला बरं वाटलं,
आणि तिथेच घोडं अडलं:
उरलेल्या गोळ्या खोगिराच्या पिशवीत गेल्या.
तेव्हापासून दर शुक्रवारी वरच्या गोठ्यापर्यंत जाते,
तळहातावर गोळ्या मोजते सावकारासारखी.
तो तोंड फिरवतो.
बायको काही बोलत नाही,
नुसती दोरीकडे बघते.

मेच्या अखेरीस दोरीवर एकच सदरा होता.
गेल्या शुक्रवारी तोही नव्हता,
पोराची चड्डी तेवढी वाळत होती.

आज बाकावर पुन्हा चौघं.
तिसरा, लाकूडतोड्या बैश, कमरेवर हात ठेवून उठतो.
काही विशेष नाही, एजे, जुनी पाठ.
बस, म्हणते. मलमाची डबी हाताशीच असते,
तिला हात लावत नाही.
तुझे कपडे घरी कोण धुतं?